ओल्या कातड्यावर पिस्तुलाचा आकार: घरी होल्स्टर करताना

सुभेदारसाहेब, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निवृत्तीनंतर तुम्ही गंगाखेडजवळ शेतातल्या वस्तीवर राहता, .३२ बोअरचं परवान्याचं पिस्तूल आहे, आणि बाजारातून घेतलेला रेक्झिनचा पाऊच वर्षभरात लोळागोळा झाला. म्हणून धारावीतून सालीत कमावलेल्या कातड्याचा तुकडा मागवला, मे महिन्यात त्यातला एक भाग उकळतं पाणी ओतून भिजवला, पिस्तुलावर सुतळीने आवळून बांधला आणि गच्चीवर वाळत टाकला. संध्याकाळी सोडून बघितलं तर कातडं पापडासारखं कडक, तोंडाशी चिरा, आत काळेनिळे डाग, आणि पिस्तूल अर्धंच आत जातंय. चुकलं कुठं, आणि उरलेल्या तुकड्यातून नीट होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, होईल का?

होईल. पण आधी एक काम करा. ते पिस्तूल ओल्या कातड्यात दिवसभर होतं, म्हणून ते पूर्ण उघडून पुसा, तेलाचा हात फिरवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. गंज पहिल्या दिवशी दिसत नाही, आणि कातड्यातलं पाणी फटीफटीत शिरलेलं असतं. ते काळे डाग कसले तेही सांगतो. झाडाच्या सालीत जे तुरट द्रव्य असतं, टॅनिन, ते ओल्या लोखंडाला लागलं की काळंनिळं होतं. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून शाई करायचे, तिचं रसायन हेच. म्हणजे तुमच्या होल्स्टरमध्ये शाई तयार झाली, आणि त्यातलं लोखंड तुमच्या पिस्तुलाचं होतं.

बाकीच्या दोन चुका पाण्याच्या आणि उन्हाच्या. सालीत कमावलेलं ओलं कातडं साधारण ७० ते ८० अंशांच्या आसपास आकसायला लागतं. तंतू एकमेकांत ओढले जातात आणि वाळल्यावर ते पुन्हा मोकळे होत नाहीत. तुम्ही उकळतं पाणी ओतलं, तिथंच तो तुकडा गेला. त्याला तेल पाजून, पुन्हा भिजवून काही उपयोग नाही. ठेवा बाजूला, आरी (भोकं पाडायचा टोच्या) चालवायचा सराव करायला कामाला येईल.

मी हे काम पस्तीसेक वर्षं करतोय. घर चर्मकाराचं. आजोबा जोडे शिवायचे, वडिलांनी माळेगावच्या यात्रेसाठी घोड्यांचं सामान करायला सुरुवात केली, लगाम, तंग, मोहरकी. लोहा तालुक्यातली ती खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते आणि घोड्यांचे शौकीन लांबून येतात. अशाच एका शौकिनाने मला पहिलं होल्स्टर करायला सांगितलं. मी ते जोड्यासारखं केलं, मऊ, तेल पाजलेलं, हाताला सुखावणारं. महिन्याभरात त्याचं तोंड मिटलं. एके दिवशी तो पिस्तूल परत ठेवत असताना तोंडाची मऊ कड आत दुमडली आणि ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, शिरली. मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढलेलं होतं, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं होतं, म्हणून फक्त खट् असा आवाज आला. तो माणूस होल्स्टर घेऊन माझ्याकडे आला, काही बोलला नाही, नुसतं करून दाखवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी होल्स्टर बघतो ते आधी तोंडाकडून, मग ट्रिगरच्या जागेकडून. शिवण, रंग, नक्षी सगळं त्याच्यानंतर. तुमचा रेक्झिनचा पाऊच ढिला झालाय ना, तो आजच वापरातून काढा. नवीन होईपर्यंत वाट बघू नका.

पिस्तूल कुणाच्या हातात द्यायचं नाही

बरेच जण पिस्तूलच घेऊन कारागिराकडे येतात, "दोन दिवस ठेवा, माप घ्या" म्हणतात. मी ठेवून घेत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या माणसाने शस्त्र ताब्यात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि दोन दिवस माझ्या पेटीत तुमचं पिस्तूल असणं म्हणजे तेच. तुम्ही घरी करताय हे म्हणून मला बरं वाटलं. पण घरी करतानाही खरं पिस्तूल ओल्या कातड्यात घालू नये. जोडा जसा पायावर शिवत नाहीत, फर्म्यावर शिवतात, तसा पिस्तुलाचा फर्मा करा.

फर्मा लाकडाचा. सागवानाचा तुकडा मिळाला तर उत्तम, कारण तो कोरायला सोपा आणि पाण्याने फारसा फुगत नाही. आता माप कसं घ्यायचं. मॅगझीन काढा. स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवा. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे वाचून दुसरं कुणी करायला बसेल त्याच्यासाठी सांगतो. मग जाड कागदावर पिस्तूल आडवं ठेवून पेन्सिल अगदी उभी धरून बाह्यरेषा काढा. पेन्सिल तिरपी झाली की माप दोन मिलिमीटरने खोटं पडतं. व्हर्नियर कॅलिपरने स्लाइडची, मुठीची आणि ट्रिगर गार्डची जाडी वेगवेगळी मोजा आणि त्या त्या ठिकाणी कागदावर लिहा. तो कागद सुताराला द्या, पिस्तूल नाही.

सुताराकडून फर्मा आला की खरी कारागिरी तुमची. ट्रिगर गार्डचं भोक फर्म्यावर कोरू नका, किंवा कोरलं असेल तर एम-सीलने जवळजवळ भरून टाका, पृष्ठभागापासून फक्त एखादा मिलिमीटर खोल राहील इतकं. कारण भोक मोकळं राहिलं तर ओलं कातडं त्यात खोल बसतं, वाळून तिथं फुगवटा तयार होतो आणि तो ट्रिगरला टेकतो. पुढच्या माशीपासून, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्यापासून, मागे स्लाइडच्या टोकापर्यंत एक बारीक लाकडी पट्टी चिकटवा, आइस्क्रीमची काडी चालेल, दोन एकावर एक. तिच्यामुळे होल्स्टरच्या आत माशीसाठी नाली राहते. नाहीतर पिस्तूल काढताना माशी कातडं खरवडत येते आणि अडकते. मॅगझीन सोडायचं बटण आणि सेफ्टीची कळ जिथं आहे तिथं पुठ्ठ्याचा छोटा तुकडा चिकटवून जागा उंच करा. कातडं बटणावर घट्ट बसलं तर बसताना-उठताना मॅगझीन आपोआप सुटतं, आणि ते कळतं नको त्या वेळी. सगळं झालं की फर्म्याला पॉलिशचे दोन हात द्या, वाळू द्या, वर मेण घासा.

या फर्म्याला आठवडा लागेल. लागू द्या.

कातडं

तुमचा तुकडा सालीत कमावलेलाच होता याची साक्ष तुमच्या चुकीनेच दिली, क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, कातडं असं वागलं नसतं. पण पुढच्या वेळी घेताना परीक्षा करून घ्या. गुळगुळीत बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. सालीचं कातडं थेंब पितं आणि तेवढी जागा गडद होते. क्रोमच्या कातड्यावर थेंब बहुतेक तसाच बसून राहतो. कापलेली कड बघा, सालीची कड आतपर्यंत तांबूस-बदामी असते, क्रोमची बहुधा निळसर-करडी. कातरण जाळून बघितली तर क्रोमची राख हिरवट-करडी राहते. क्रोमचं कातडं पर्सला, जॅकेटला छान, पण ते ओलं करून दिलेला आकार धरत नाही, वाळलं की परत आपल्या मूळ वळणावर जातं. होल्स्टरसाठी ते निरुपयोगी.

आपल्याकडे माळरानावर तरवड उगवतो, पिवळ्या फुलांचा. त्याची साल, बाभळीची साल आणि हिरडा यांवर गावोगावी कातडं कमावायचे. ढोर समाजाची ती पिढीजात विद्या. कातडं चुन्यात घालायचं, केस काढायचे, मग सालीच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचं. आता ते कुंड बहुतेक ठिकाणी बुजले. आमच्या भागात सालीचं कातडं मिळतं ते धारावीच्या बाजारातून, किंवा तमिळनाडूतून आलेलं. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यानंतर इथलं जाड कातडं प्रामुख्याने म्हशीचं. म्हशीचं चालतं, फक्त त्याचा दाणा भरड असतो आणि बारीक रेषा त्यावर तितक्या उठत नाहीत. माझ्या अनुभवात त्याला दाबायला वेळही जास्त लागतो. पण एकदा बसलं की बसलं.

जाडी ३ मिलिमीटर धरा. अडीचच्या खाली गेलात तर तोंड उभं राहत नाही, साडेतीनच्या वर गेलात तर घरच्या हातांनी आकार बसत नाही. आणि तुकडा पाठीचा किंवा खांद्याचा हवा. पोटाचं कातडं स्वस्त मिळतं, ताणतं, आणि ताणलेलंच राहतं. दुकानदार "एकच माल आहे" म्हणेल. दोन्ही हातांत धरून ओढून बघा, कळतं.

कागदावरचं काम

नवीन माणसाने एकाच तुकड्याची घडी घालून करायचं होल्स्टर करावं. घडी स्लाइडच्या वरच्या बाजूने, शिवण ट्रिगर गार्डच्या बाजूने. यात एकच शिवण असते, चूक व्हायला जागा कमी.

शिवण पिस्तुलाच्या रेषेपासून किती लांब घ्यायची, इथं सगळे अडखळतात. हिशेब सोपा आहे: पिस्तुलाच्या जाडीचा निम्मा भाग अधिक कातड्याची जाडी. समजा स्लाइड २४ मिलिमीटर जाड आहे आणि कातडं ३ मिलिमीटर, तर १२ अधिक ३, म्हणजे बाह्यरेषेपासून १५ मिलिमीटरवर शिवण. घडीच्या बाजूलाही तेवढंच अंतर सोडा, आणि माशीच्या नालीसाठी दोन-तीन मिलिमीटर वर. ट्रिगर गार्डपाशी जाडी कमी असते, तिथं तिथलीच जाडी धरून शिवण जवळ आणा, कारण पिस्तूल धरून ठेवायचं काम तीच जागा करते. शिवणीच्या बाहेर ८ ते १० मिलिमीटर कड ठेवा. शिवणीत मध्ये कातड्याची एक पट्टी घाला, ती दोन्ही पदरांना सांभाळते आणि टाक्यांवरचा ताण कमी करते. पट्टी घातली तर ते १५ चं अंतर एक-दीड मिलिमीटरने कमी करा.

होल्स्टरने ट्रिगर गार्ड संपूर्ण झाकला पाहिजे, दोन्ही बाजूंनी. बोट बाहेरून आत जायला कुठेही वाट नको. पण मूठ मात्र इतकी मोकळी हवी की तिन्ही बोटं पहिल्याच धरण्यात पूर्ण बसतील.

आणि झाकण ठेवा. शहरातल्या काही लोकांना उघड्या तोंडाचं होल्स्टर दिसायला आवडतं. पण २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, अंगाशी बांधलेलं आणि पूर्ण झाकलेलं असावं लागतं. शर्ट वर असेल तर असेल, पण मोटारसायकलवर वाऱ्याने शर्ट उडतो. झाकण असलं की चिंता नाही, शिवाय आपल्याकडची धूळही आत जात नाही. झाकणाला पितळेची गोल डोक्याची खुंटी लावा, तुमच्या ओळखीची, सॅम ब्राऊन बेल्टवर असते तीच. तो सॅम ब्राऊन म्हणजे ब्रिटिश लष्करी अधिकारी, १८५८ मध्ये पिलिभीतजवळच्या लढाईत डावा हात गमावून बसला, आणि एका हाताने तलवार-पिस्तूल सांभाळता यावं म्हणून त्याने खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याची सोय केली. म्हणजे ही सगळी रचनाच मुळात एका हाताने काम करणाऱ्यासाठी झाली. तुमच्या होल्स्टरचीही तीच कसोटी ठेवा.

नमुना कागदावर झाला की थेट कातडं कापू नका. जुन्या कॅलेंडरच्या किंवा बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं होल्स्टर करा, स्टेपल मारा, फर्मा घालून बघा. दोन-तीन पुठ्ठे वाया जातील. कातड्याचा एक तुकडा वाया जाण्यापेक्षा ते बरं.

कापणं आणि शिवणं

रापीला (कातडं कापायच्या पात्याला) धार अशी हवी की एका ओढीत आरपार गेली पाहिजे. तोंडाच्या बाहेरच्या बाजूला दुसरा पदर लावा, तीनेक सेंटीमीटर रुंद, आणि तो घडी घालायच्या आधी शिवून घ्या. या पट्टीमुळेच तोंड उभं राहतं, ही विसरू नका. बेल्टसाठीचा पट्टाही याच वेळी मागे शिवून घ्यायचा, नंतर हात आत जात नाही. पट्टा लावताना होल्स्टर किंचित पुढे कललेलं राहील असा लावा, १५ अंशांच्या आसपास. पूर्ण उभं लावलं तर जीपमध्ये बसताना मूठ बरगडीत घुसते.

दोरा पॉलिस्टरचा, मेण लावलेला, एक मिलिमीटरच्या आत-बाहेर. सुती दोरा घेऊ नका, आपल्याकडच्या घामात तो दोन उन्हाळेही टिकत नाही. भोकं ४ मिलिमीटर अंतरावर, आरीने, आणि आरी सरळ आरपार. टाका दोन सुयांचा: एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून. एक टाका झिजून तुटला तरी बाकीचे धरून राहतात, मशीनचा टाका मात्र उसवत जातो. शेवटी तीन टाके मागे या. दोरा शिवणीच्या साडेचार-पाचपट लांब घ्या, कारण कातडं इथं तीन पदरी आहे. बाकी शिवण सवयीचं काम आहे, तुमच्या त्या खराब तुकड्यावर शंभर टाके घाला, हात बसेल.

ओलं करणं

आता मूळ काम. पाणी कोमट, हाताला सोसेल इतपत, लहान बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढं. आणि बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या बोअरला क्षार फार, वाळल्यावर पांढरे चट्टे उमटतात, आणि पाण्यात लोह असेल तर पुन्हा काळपट डाग. जारचं पाणी घ्या किंवा पावसाचं साठवलेलं. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं, लोखंडी घमेलं अजिबात नको.

शिवलेलं होल्स्टर पाण्यात बुडवा. बुडबुडे निघतील. ते थांबत आले की काढा, अर्धा ते एक मिनिट पुरतं. तासभर भिजत घातलं तर कातडं लिबलिबीत होतं आणि आकार धरायला वेळ लावतं. काढलं की लगेच दाबायला बसू नका. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, म्हणजे पाणी आतपर्यंत सारखं मुरतं. बाहेर काढल्यावर कातड्याचा मूळ रंग हळूहळू परत यायला लागतो, पण हात लावला तर अजून गार लागतं. तीच वेळ. माझे वडील कातडं गालाला लावून बघायचे. मीही तसंच बघतो, हाताच्या कातडीला घट्टे पडलेले असतात, गालाला बरोबर कळतं.

घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा, नखं कापा. ओलं कातडं जे लागेल त्याची खूण कायमची धरतं. फर्मा पातळ प्लास्टिकच्या एका पदरात गुंडाळा, पुढून सरळ आत सरकवा, आणि तोंडापासून किती आत गेला ते मोजून पेनाने फर्म्यावरच खूण करा.

आधी तळव्याने सगळीकडून दाबा, कणीक मळताना देतो तसा सावकाश दाब. बोटांच्या टोकांनी सुरुवात केली तर खड्डे पडतात. आकार ढोबळ दिसायला लागला की अंगठा घ्या, मग हत्यार. मी चिंचेच्या लाकडाचं एक गुळगुळीत हत्यार वापरतो, पेनाएवढं, एक टोक गोल आणि एक चपटं. तुम्ही चमच्याच्या दांड्याचं मागचं टोक घ्या, स्टीलचं, कड मोडलेलं. स्लाइडची खालची कड, गार्डचा गोलावा, स्लाइडवरची खिडकी (रिकामी पुंगळी बाहेर पडते ती) या रेषा त्याने चार-पाच वेळा हलक्या हाताने फिरवत उठवा. एकदाच जोर लावून ओढलेली रेष वाळताना पुसट होते, फिरून फिरून काढलेली टिकते.

सगळ्या रेषा सारख्या ठसठशीत काढायचा मोह होतो, तो आवरा. पिस्तूल धरायचं काम दोनच जागा करतात: ट्रिगर गार्डचा पुढचा गोलावा आणि स्लाइडच्या खिडकीची पुढची कड. तिथं ठसा खोल हवा. ट्रिगरच्या थेट वर मात्र कातडं सपाट ठेवा, तिथं हत्यार फिरवूच नका. मी पाहिलेल्या घरगुती होल्स्टरांत सगळ्यात जास्त चूक हीच असते. ट्रिगरची चंद्रकोर बाहेरून उठून दिसावी म्हणून लोक कातडं तिथं ठासून दाबतात, आणि दिसायला सुंदर, वापरायला धोक्याचं असं काहीतरी तयार होतं.

वाळवणं

फर्मा तासा-दोन तासांनी, कातडं आकार धरून उभं राहिलं की, सरळ ओढून काढा. आत राहिला तर प्लास्टिकमुळे आतली बाजू वाळत नाही. काढताना आकार बिघडला तर परत घालून पुन्हा हात फिरवा.

मग सावली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि हवेत ओल नसते. कातड्याची वरची बाजू दोन तासांत वाळते, आतली ओलीच राहते. वरचा थर आकसतो, आतला हलत नाही, आणि मग चिरा पडतात. तुमच्या होल्स्टरच्या तोंडाशी तेच झालं, कारण तोंड दोन्ही बाजूंनी उघडं. उन्हाळ्यात करायचंच असेल तर आतल्या खोलीत, पंख्याच्या झोताबाहेर, वर एक कोरडं सुती धोतर पांघरून ठेवा. एक ते दीड दिवस लागू द्या. पावसाळ्यात उलटं, पंखा मंद लावा, तरी दोन-तीन दिवस लागतात, आणि पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. माझ्या मते आपल्याकडे या कामाला दिवाळीनंतरचे दोन महिने सगळ्यात चांगले. हवा कोरडी असते पण भाजत नाही.

वाळत असताना पहिल्या सहा तासांत दोन-तीनदा जाऊन बघा. तोंड आत झुकतंय असं वाटलं तर दुमडलेला पुठ्ठा घालून उभं करा. काही कारागीर शेवटी ५० अंशांच्या आसपास ऊब देऊन कातडं आणखी कडक करतात. घरी तापमान हातात राहत नाही, म्हणून तुम्हाला ते सांगत नाही.

काळे डाग एखाददुसरे पडलेच तर ओलं असतानाच लिंबाचा रस लावा, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा. बरेचसे जातात.

रंग, मेण आणि तेलाबद्दल

पूर्ण वाळल्यावर स्पिरिटचा रंग बाहेरून द्या. आतून देऊ नका, तो पिस्तुलाला आणि पांढऱ्या शर्टाला लागतो. कडा बारीक सँडपेपरने सारख्या करा, पाण्याचं बोट फिरवा, मेण लावा आणि जीन्सच्या तुकड्याने घासा, तापून चकाकेपर्यंत.

तेल जपून. आपल्याकडे वहाणेला एरंडेल पाजायची पद्धत आहे आणि वहाणेला ती योग्यच, कारण तिथं कातड्याने पायाबरोबर वाकायचं असतं. होल्स्टरने वाकायचं नाही. फडक्याला लागेल इतकंच तेल बाहेरून एकदा फिरवा, दुसऱ्या दिवशी मेणाचा हात, बास. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून नेलेलं होल्स्टर "काळजी घेतो" म्हणून दर महिन्याला तेलात माखलं, त्यांची होल्स्टरं दोन वर्षांत परत आली, तोंड मिटलेली.

कमरेला लावण्याआधी

रिकामं पिस्तूल, दोनदा तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. होल्स्टरमध्ये घाला. पहिल्यांदा घट्ट जाईल. खूपच घट्ट असेल तर पिस्तूल जाड पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा, सकाळी मोकळं येतं. मग गादीवर होल्स्टर उलटं धरून झाकण उघडं ठेवून हलवा. पिस्तूल पडता कामा नये. पडलं तर गार्डच्या पुढची जागा तेवढीच ओली करून पुन्हा दाबा. बाहेरून ट्रिगरच्या जागी अंगठ्याने जोरात रेटा, आत काही हललं तर ते होल्स्टर वापरायचं नाही. आता एका हाताने काढा, एका हाताने परत ठेवा, दुसऱ्या हाताने तोंड उघडून न धरता. हे शंभर वेळा. खुर्चीवर बसून, जमिनीवर मांडी घालून, गाडीवर बसून. सेफ्टीची कळ दर वेळी जिथल्या तिथं राहते का ते बघा.

वापर सुरू झाला की दर दोन-तीन महिन्यांनी तोंडावर अंगठा दाबून बघत जा. तोंड दबून परत वर येत नसेल तर होल्स्टर बदला, कितीही सवयीचं झालेलं असलं तरी.

रात्री पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात टाकू नका. कातडं हवेतली ओल धरतं, त्यात थोडी आम्लता असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभरात स्लाइडवर गंजाचे ठिपके उठतात. पिस्तूल पुसून वेगळं, कुलुपात. होल्स्टर उघड्यावर, खुंटीला.

आणि बेल्टकडे बघा. तुमच्या उरलेल्या तुकड्याची लांबी बेल्टला पुरणार नाही, म्हणून वेगळा घ्यावा लागेल: दोन पदरी, ३८ मिलिमीटर रुंद, उभा धरला तर स्वतःच्या वजनाने वाकणार नाही असा. होल्स्टरच्या मागचा पट्टा त्या बेल्टवर घट्ट सरकला पाहिजे, खुळखुळता कामा नये. म्हणून बेल्ट आधी घ्या, आणि पट्टा त्याच्यावर मोजून मग शिवा.